फेसाचे पैसे कुणाला?

दुधाची पिशवी दोन रुपयांनी महागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर शोकसभा भरते. दूध उत्पादकांनी रस्त्यावर दूध ओतलं की तिथेच अन्नाच्या नासाडीवर प्रवचनं सुरू होतात. आणि शनिवारी हीच मंडळी अडीचशे रुपयांच्या कापुचिनोचा फोटो टाकतात. कॉफी प्या हो, माझी काही हरकत नाही. मीही पितो, पण घरी करून. म्हणूनच हा हिशोब मांडतोय.

कापुचिनो म्हणजे थोडासा एस्प्रेसो आणि साधारण १५० मिली दूध. एस्प्रेसोला ९ बारच्या आसपास दाब लागतो, त्याचं चांगलं मशीन महाग. माझ्याकडे आहे गॅसवर ठेवायचा मोका पॉट. त्याचा दाब जेमतेम एक-दीड बार, त्यामुळे तो काही खरा एस्प्रेसो नव्हे. पण दुधात उतरेल इतकी कडक कॉफी निघते. दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच तापवायचं, उकळायचं नाही, आणि फ्रेंच प्रेसमध्ये दांडा वरखाली करत घुसळायचं. फार तापलं की फेस बसतो. पाव किलोला साडेचारशेची पूड धरली तरी कप पंचवीस रुपयांच्या आत पडतो.

आता खरा मुद्दा. हा फेस येतो कशाने? दुधातल्या प्रथिनांनी. गोडवा कशाचा? लॅक्टोजचा. हे दोन्ही मोजले जातात एसएनएफमध्ये. गाईच्या दुधाचा दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला. त्याखाली पॉइंट घसरले की संकलन केंद्रावर दर कापला. म्हणजे ज्यावरून शेतकऱ्याचे पैसे कापतात, तेच फुगवून, वर पानाची नक्षी काढून तुम्हाला विकतात.

‘कॅफेवाल्याला भाडं, वीज, पगार असतात.’ असतातच, मान्य. शेतकऱ्यालाही चारा, पेंड, डॉक्टर, मजुरी असते. फरक एवढाच की खर्च वाढला की कॅफेवाला स्वतःचं मेन्यूकार्ड बदलतो. शेतकऱ्याचं मेन्यूकार्ड दुसराच कुणीतरी लिहितो.

२०२४ मध्ये दूध उत्पादक ४० रुपये दर मागत रस्त्यावर उतरले. सरकारने लिटरमागे ५ रुपयांचं अनुदान दिलं. अनुदान म्हणजे मलमपट्टी, आज आहे, उद्या नाही. उसाला निदान एफआरपीचा कायदेशीर आधार आहे. रोज दोनदा धार काढावी लागते त्या दुधाला तसा आधार का नसावा? उसाचे राजकारणी आणि दुधाचे राजकारणी बहुतेक ठिकाणी एकच आहेत, त्यामुळे ‘जमत नाही’ हे उत्तर चालणार नाही. मतं मागायला येतील तेव्हा हाच प्रश्न विचारा.

आणि पुढच्या दरवाढीवर ग्रुपमध्ये रडण्याआधी घरी एक कप करून बघा. १५० मिली दूध मापाने मोजून घ्या. ३५ रुपये लिटरने शेतकऱ्याच्या हाती त्याचे सव्वापाच रुपये पडतात. अडीचशेतले सव्वापाच.

मग बोलू नासाडीवर.