पेट्रोलचे पैसे मिळतात, विम्याचे कोण विचारतो?

नोकरीच्या जाहिरातींत ‘स्वतःची दुचाकी आवश्यक’ ही ओळ आता सर्रास दिसते. औषध कंपनीचा एमआर, कर्जाच्या हप्त्यांची वसुली करणारा, घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणारा लॅबचा मुलगा, जेवणाचे पार्सल पोचवणारा रायडर, या सगळ्यांचे पोट त्यांच्या स्वतःच्या गाडीवर चालते. काही ठिकाणी महिनाअखेरीस किलोमीटरचा हिशेब होतो आणि पेट्रोलचे पैसे हातात पडतात. पण गाडीचा विमा कोणत्या वापरासाठी उतरवला आहे, आरसी कुणाच्या नावावर आहे, हे रुजू करून घेताना क्वचितच विचारले जाते. ज्याच्या कामासाठी गाडी रस्त्यावर उतरते, त्याने पेट्रोलइतकीच विम्याचीही जबाबदारी उचलली पाहिजे, आणि हे त्याच्या मर्जीवर न सोडता कायद्याने बंधनकारक केले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

खासगी गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ सांगणारा एक लहानसा परिच्छेद असतो. पॉलिसी मोबाइलवर येते, पोलिसाने अडवले की उघडली जाते, आणि तो परिच्छेद तसाच न वाचता राहतो. भाड्याने किंवा मोबदला घेऊन गाडी चालवली तर संरक्षण नाही, मालवाहतुकीलाही नाही, असे त्यात लिहिलेले असते. मालाच्या बाबतीत सूट दोनच गोष्टींना आहे, विक्रीचे नमुने आणि स्वतःचे सामान. म्हणजे एमआरच्या बॅगेत डॉक्टरांना दाखवायच्या गोळ्या असतील तर तो नियमात बसतो. तोच माणूस संध्याकाळी चार पैसे जास्त मिळावेत म्हणून त्याच मोटारसायकलवर पार्सलची पेटी घेऊन निघाला, तर विमा कंपनी त्या परिच्छेदावर बोट ठेवू शकते. कामावर जाणे-येणे किंवा स्वतःच्या धंद्यासाठी फिरणे याला सहसा हरकत नसते. दुसऱ्याचा माल पोचवून त्याचे पैसे घेतले की प्रश्न सुरू होतो, आणि पेटी पाठीला लावणाऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, त्यामुळे रस्त्यावरच्या जखमी माणसाला भरपाई मिळतेच, मग बिघडले कुठे? जखमी माणसापुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असला तरी कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती गाडीमालकाकडून वसूल करावी, हा मार्ग न्यायालये अनेकदा घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004 च्या स्वर्ण सिंग निकालाने त्याला भक्कम आधार दिला. पण या वाक्याचा उत्तरार्ध रायडरच्या घरावर येऊन आदळतो. एखाद्या मृत्यूच्या दाव्यात न्यायाधिकरणाने काही लाखांची भरपाई ठरवली आणि ती वसूल करायची झाली, तर महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणारा माणूस ती कुठून देणार? ज्या कंपनीचे पार्सल त्या पेटीत होते, तिचे नाव बहुतेक वेळा या हिशेबात येतसुद्धा नाही. गाडीच्या नुकसानीबाबत न्यायालयांनी थोडी दया दाखवली आहे. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने वापरली गेली म्हणून सगळाच दावा फेटाळता येणार नाही, असे 2008 आणि 2010 च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. 2008 च्या प्रकरणात पाऊण रक्कम देण्याचा आदेश कायम राहिला. मात्र त्यासाठी मालकांना थेट दिल्लीपर्यंत जावे लागले.

चालवणाऱ्याच्या स्वतःच्या जिवाचे संरक्षण तर याहून तोकडे आहे. मालक-चालकासाठीच्या सक्तीच्या अपघात विम्याची रक्कम 2018 मध्ये 15 लाख झाली, ही चांगलीच गोष्ट. पण ती मिळते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. पाय मोडून प्लेट बसवली, तीन महिने घरी बसावे लागले, तर त्यातून काही मिळत नाही. शिवाय मालक-चालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तोच. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या गाड्या वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर असतात. वडिलांच्या नावावरच्या गाडीवरून कंपनीच्या कामाला निघालेला मुलगा दगावला, तर या 15 लाखांवर त्याच्या घरच्यांना हक्क सांगता येत नाही. रुजू होतानाच आरसी पाहिली गेली असती, तर ही उणीव त्याच दिवशी कळली असती.

नोकरी करणाऱ्याला कामगार भरपाईचा कायदा आहे, असेही म्हटले जाते. त्याची वाट किती लांबची असते हे धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात दिसले. त्याची पाळी पहाटे तीनची. 22 एप्रिल 2003 रोजी मोटारसायकलवरून कामावर जाताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात त्याचा मृत्यू झाला. भरपाई मंजूर झाली, उच्च न्यायालयात ती रद्द झाली आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. अपघात कामावर झाला की कामाच्या वाटेवर, एवढ्या एका मुद्द्यासाठी त्या कुटुंबाची बावीस वर्षे गेली. आणि तो तर कारखान्याचा नोकर होता. रायडरला ‘भागीदार’ म्हणणाऱ्या कंपन्या त्याला नोकर मानतच नाहीत.

विमा कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दिवसाला दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा धोका जास्त, मग घर ते ऑफिस फिरणाऱ्याच्या हप्त्यात तो का सोसायचा? हा आक्षेप रास्त आहे. धोका जास्त असेल तर हप्ताही जास्त असावा. प्रश्न एवढाच की तो वाढीव हप्ता कुणी भरायचा आणि त्यासाठीची पॉलिसी सहज मिळते का. 2022 मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे 75 ते 150 सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता 714 रुपये आहे. पार्सलच्या वापरासाठी तो दुप्पट-तिप्पट झाला, तरी ज्या व्यवसायाला त्या गाडीतून रोज उत्पन्न मिळते त्याला तो जड जाऊ नये. लहान दुकानदारांना हे झेपणार नाही, ही भीती मला जास्त खरी वाटते. त्यांच्यासाठी व्यापारी संघटनांनी गट विमा घ्यावा. आणि मोठ्या ॲप कंपन्या रायडरला अपघात विमा देतात, असा दाखला कुणी दिला तर तो पुरेसा नाही. तो विमा रायडरच्या शरीराचा असतो. त्याच्या गाडीने दुसऱ्याला झालेली इजा त्यात येत नाही.

सामाजिक सुरक्षा संहितेने ॲप कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के अंशदान घेण्याचे तत्त्व मान्य केलेच आहे. तेच तत्त्व गाडीच्या विम्यापर्यंत न्यायला हवे. रुजू होतानाच्या फॉर्मवर आधार, पॅन आणि बँक पासबुक मागितले जाते, तिथेच आरसी आणि पॉलिसीची प्रत मागावी. वापराची अट पहिल्या पानावर ठळक मराठीत छापलेली असावी. आणि मुदतही तपासावी. नव्या दुचाकीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, पण गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. कागदावर पाच वर्षे दिसतात म्हणून निर्धास्त फिरणारा मुलगा दुसऱ्या वर्षीच अर्धा उघडा पडलेला असतो, आणि ती तारीख लक्षात ठेवणे त्याला कामाला ठेवणाऱ्याला सहज जमण्यासारखे आहे.