आरोग्य आपल्या हाती : चोवीस तासांची लघवी

चेहरा गोल झाला, पोट सुटले पण हातपाय बारीक पडले, पोटावर रुंद जांभळे पट्टे उठले, साखर आणि बीपी वाढले, की घरचे बाईला म्हणतात, "खाणे कमी कर!" अशा वेळी शरीरात कॉर्टिसॉल हे स्टेरॉइड संप्रेरक वाढलेले असू शकते. अमेरिकेचे डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये असा रुग्ण नोंदवला; आजाराला त्यांचेच नाव आहे.

रक्तातले कॉर्टिसॉल सकाळी जास्त, मध्यरात्री कमी असते. भिवंडीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांचे हे चक्रही बदलू शकते. चोवीस तासांच्या लघवीत मात्र पूर्ण दिवसाचा हिशेब मिळतो.

सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी आणि वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीच्या त्याच वेळेच्या लघवीसह, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करावी. कॅन थंड जागी, पिशवीत झाकून वेगळा ठेवावा. पाहुणे आले म्हणून लाजेने एक वेळची लघवी टाकली, तरी आकडा खोटा येतो. लघवी पूर्ण जमली का, याचा अंदाज लॅब त्यातल्या क्रिएटिनिनवरून घेते. एका तपासणीवर निदान होत नाही. ती निदान दोनदा करतात.

लॅबमध्ये दोन पद्धती आहेत. इम्युनोॲसेमध्ये अँटिबॉडी कॉर्टिसॉलला पकडते. पण प्रेडनिसोलोन या औषधालाही ती कॉर्टिसॉल समजू शकते, कारण दोघांच्या रेणूंत फक्त दोन हायड्रोजन अणूंचा फरक आहे. मास स्पेक्ट्रोमेट्रीत आधी घटक वेगळे केले जातात, मग वजनावरून ओळखले जातात. म्हणून ती अधिक अचूक, पण महाग.

सांधेदुखीच्या, दम्याच्या किंवा वजन वाढवण्याच्या बेनामी पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले सापडते. गोरेपणाच्या काही क्रीममध्येही ते असते. आम्ही भगिनींना आग्रहाने सांगतो, डॉक्टरांपासून पुडी, गोळी, क्रीम काहीही लपवू नका. मात्र बरेच दिवस घेतलेले स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याने जिवावर बेतू शकते.

परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना जुने रिपोर्ट आणि घरातली सगळी औषधे सोबत न्यावीत.