तबकडीला जामीन कोण?

उडत्या तबकड्यांवरची चिमुकली कादंबरी छापा म्हटले, की आमची प्रकाशक मंडळी विनातारण कर्ज मागितल्यासारखा चेहरा करतात. "अहो, हे विलायती खूळ! तबकडी बीडला कशाला उतरेल?" का नाही उतरणार? बालाघाटच्या माळावर जागेची काय ददात आहे? शिवाय आभाळाकडे टक लावून बसण्यात आम्हा बीडकरांचा हात कोण धरील? ढग नाही तर नाही, तबकडी तरी दिसू द्या!

खूळ विलायती, हे कबूल. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाला आकाशात नऊ चकाकत्या वस्तू दिसल्या. पाण्यावर बशी भिरकावली तर ती जशी उड्या मारत जाईल, तशी त्यांची चाल, असे तो म्हणाला. वार्ताहरांनी चालीचा आकार केला आणि 'उडती बशी' छापून मोकळे झाले. (मराठीत येताना बशीची तबकडी झाली. चहा सांडू नये म्हणून असेल.) बातमीला हे चालते. कादंबरी मात्र पहिल्या पानापासून सांगते, की बाबांनो, मी काल्पनिक आहे. तर तिच्याकडे पुरावा मागायचा!

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखक, नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर, हे मागाहून उघड झाले. पण समजा, जगताप खरोखरच जगताप निघाले असते, तर? परीक्षकांचे काही बिघडले नसते. प्रकाशकांनी मात्र आधी विचारले असते, "कोण हे जगताप?" चेकवरची सही जुळवणे आम्हा कारकुनांवर सोडा हो. तुम्ही बाडाचा दोरा तरी सोडा!