मृतांची मोजदाद



नोव्हेंबर हा मृतांचा महिना. मिस्सेच्या आधी नावांच्या चिठ्ठ्या येतात, फादर एकेक नाव वाचतात, दफनभूमीत फुले आणि मेणबत्त्या लागतात. गेली काही वर्षे या दिवसांत एक विषय हमखास निघतो, करोनात नक्की माणसे गेली तरी किती? आणि लगेच कुणीतरी म्हणते, “आता ते उकरून काय मिळणार? गेलेले परत येणार आहेत का?” असे म्हणणारे आमच्या बडोद्यातले लोक वाईट नाहीत. बहुतेकांनी घरातले कुणी ना कुणी गमावले आहे आणि ते थकले आहेत. तरीही त्यांचे म्हणणे आम्हांला पटत नाही.

आधी चाचणीतल्या उशिराबद्दल, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथून सुरू झाला. एप्रिल २०२१ मध्ये गुजरातेत आरटी-पीसीआरचा रिपोर्ट हातात पडायला चार-पाच दिवस लागत होते. हे आम्ही मनाचे सांगत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले होते आणि १२ एप्रिलच्या सुनावणीत मुख्य न्यायमूर्ती विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने सरकारला विचारले होते, सामान्य माणसाला चार-पाच दिवस आणि अधिकाऱ्यांना काही तासांत रिपोर्ट, हे कसे? त्या लाटेत चार-पाच दिवस म्हणजे काय, ते आपण सारे जाणतो. सोमवारी ताप, गुरुवारी ऑक्सिजन खाली. कितीतरी घरांत माणूस आधी गेला आणि रिपोर्ट मागाहून आला. काही घरांत तो आलाच नाही. काहींचा निगेटिव्ह आला, कारण त्या चाचणीतून खरा रोगीही कधी कधी निसटतो.

मग अशा मृत्यूचे करायचे काय? नियम होता. आयसीएमआरने मे २०२० मध्येच डॉक्टरांना मृत्यूचे कारण कसे लिहायचे याच्या सूचना दिल्या होत्या आणि चाचणी झालेली नसली तरी लक्षणांवरून करोना दिसत असेल तर त्यासाठी वेगळा संकेतांक ठेवला होता. म्हणजे कागदावर त्या माणसाला जागा होती. पण रोज संध्याकाळी जाहीर होणाऱ्या आकड्यात त्याला जागा मिळाली नाही. शिवाय आपल्या राज्यात मुख्य कारण कोणते आणि सोबतचा आजार कोणता हे ठरवणारी समिती होती. माणसाला वीस वर्षे मधुमेह असतो, तो रोज कामावर जातो, संध्याकाळी नातवंडांना बागेत नेतो, आणि एप्रिलमध्ये दहा दिवसांत जातो. त्याच्या नावापुढे मधुमेह लिहिणे खोटे नाही. पण ते खरेही नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात ‘दिव्य भास्कर’ने एक साधे काम केले. मृत्यूचे दाखले मोजले. १ मार्च ते १० मे या काळात राज्यात सुमारे १ लाख २३ हजार दाखले निघाले होते, आदल्या वर्षी त्याच दिवसांत सुमारे ५८ हजार. करोनाचे अधिकृत मृत्यू मात्र चार हजारांच्या थोडे वर. सरकारने ही तुलना नाकारली. दाखले उशिरानेही निघतात, एकाच मृत्यूचे दोनदाही निघतात, असे म्हणता येते आणि त्यात तथ्यही आहे. पण खासवाडी स्मशानाबाहेरच्या रांगा बडोदेकरांनी डोळ्यांनी पाहिल्या. त्या रांगा काही दाखल्यांच्या नव्हत्या.

पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे प्रत्येक मृतामागे पन्नास हजार रुपये द्यायचे ठरले. त्यासाठी व्याख्या सैल झाली. पॉझिटिव्ह ठरल्यापासून तीस दिवसांत गेलेला माणूस, मग तो इस्पितळात जावो की घरी, करोनाचा धरायचा. गुजरातेने छाननीसाठी वेगळीच समिती नेमली, त्यावर न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याला चांगलेच फटकारले. त्यानंतर अर्ज भराभर मंजूर झाले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयापुढे जे आकडे आले त्यांत गुजरातचे अधिकृत मृत्यू दहा हजारांच्या जरासे वर आणि मंजूर झालेले अर्ज ६८ हजारांहून अधिक होते.

इथे जपून बोलायला हवे. ६८ हजार हा काही खरा आकडा सापडला, असे नव्हे. व्याख्या सैल होती, तीस दिवसांत दुसऱ्या कारणाने गेलेलाही त्यात येऊ शकतो. उलट ज्यांची चाचणीच झाली नाही आणि ज्यांना कागद जमवता आले नाहीत असे कितीतरी त्यात नाहीतही. व्हॉट्सॅपवर हे दोन आकडे शेजारी ठेवून शिव्या घालणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण म्हणून दोन्हींमधले अंतर कुणी समजावून सांगू नये, हे कसे चालेल?

आमच्या धर्मग्रामातल्या एका ताईंचे कागद आम्ही स्वतः लावून दिले. नवरा रिक्षा चालवायचा. छातीच्या स्कॅनमध्ये सगळे स्पष्ट दिसत होते, पण पहिली चाचणी निगेटिव्ह, दुसरीचा रिपोर्ट यायच्या आत तो गेला. इस्पितळाने कारण लिहिले ‘हृदयक्रिया बंद’. (कुणाचे हृदय बंद न पडता मरण येते?) महापालिकेच्या मृत्यूच्या दाखल्यावर तर कारण छापतच नाहीत, त्यामुळे कचेरीत प्रत्येक टेबलावर ताईंना पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागे. दुसरा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, तोच अखेर कामी आला. पैसे मिळाले, मुलीची कॉलेजची फी भरली गेली. त्यानंतर ताईंनी आम्हांला विचारले, “सर, म्हणजे आता ह्यांचं नाव त्या मोजणीत आलं ना?”

नाही आले. सरकारने त्यांना करोनाचे मृत मानून पैसे दिले, पण अधिकृत आकडा पुढेही अकरा हजारांच्या आसपासच राहिला. एका खिडकीवर तोच माणूस मृत आहे आणि दुसऱ्या खिडकीवर तो नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की एकाच सरकारच्या या दोन वह्या एकमेकींशी जुळवल्या पाहिजेत, आणि जिथे जुळत नाहीत तिथे का जुळत नाहीत ते लिहिले पाहिजे.

देशाचीही तीच कथा. २०२० मध्ये देशभरात सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली, २०२१ मध्ये १ कोटी २ लाखांची. २१ लाखांची ही वाढ सगळी करोनाची नव्हे, नोंदणीही सुधारली आहे. पण त्या वर्षीचे अधिकृत करोना मृत्यू साडेतीन लाखांच्याही आत आहेत, आणि २०२१ चा हा नोंदणी अहवाल बाहेर आला तो मे २०२५ मध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांत सुमारे ४७ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला तेव्हा आपल्या सरकारने त्यांच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला. आक्षेप घ्यायला हरकत नाही. पण आपली मोजणी वेळेवर मांडली असती तर दुसऱ्याच्या अंदाजावर भांडायची वेळच कमी आली असती. १९१८ च्या साथीनंतर तीन वर्षांनी, १९२१ मध्ये, जनगणना झाली आणि त्या दशकात देशाची लोकसंख्या घटल्याचे उघड झाले. अंदाज आजही एक कोटीच्या पुढून सुरू होतात. २०२१ ची जनगणना मात्र साथीमुळेच पुढे ढकलली गेली आणि आता ती २०२७ वर गेली आहे.

बायबलचा आधार देऊन कुणी म्हणते की मोजणे हेच पाप, दावीद राजाने शिरगणती केली आणि देवाचा कोप झाला. शमुवेलच्या दुसऱ्या ग्रंथाचा तो चोविसावा अध्याय पुन्हा शांतपणे वाचावा. दावीद तलवार चालवणारे पुरुष मोजत होता, आपले बळ पाहायला. योवाबालाही ते रुचले नव्हते. पण त्याच अध्यायात पुढे मरी येते, आणि तिच्यात किती मेले तो आकडा पवित्र लेखकाने लपवलेला नाही. सत्तर हजार, दानपासून बैरशेब्यापर्यंत. राजाच्या अपराधाने मेलेल्यांची संख्या राजाच्याच इतिहासात लिहिलेली आहे. आठवी आज्ञा आपण मुलांना शिकवतो तेव्हा खोटी साक्ष म्हणजे कोर्टातली साक्ष, एवढेच सांगून पुढे जातो. शेजारी कशाने मेला याबद्दल जाणूनबुजून दुसरे काही लिहिणे हीदेखील साक्षच आहे, आणि ती अशा माणसाविरुद्ध आहे जो आता उठून बोलू शकत नाही.

हे फक्त सरकारला सांगून भागणार नाही. दफनानंतर मृताची नोंद करणे हा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. टोबितने राजाची भीती न बाळगता मृतांना मूठमाती दिली, ती परंपरा आपली. आमच्या नोंदवहीत नाव, वय, शेवटचे संस्कार मिळाले की नाही, आणि मृत्यूचे कारण असे रकाने आहेत. २०२१ च्या एप्रिल-मेच्या पानांवर कारणाचा रकाना पुष्कळ ठिकाणी कोरा आहे. काही घरांनी तेव्हा मुद्दाम सांगितले नाही. शेजारपाजार तोडेल, मुलीचे लग्न अडेल, अशी भीती होती. काहींना खरेच माहीत नव्हते.

आता ती भीती राहिलेली नाही. फादरांच्या परवानगीने आम्ही ती पाने पुन्हा उघडली आहेत. जुन्या नोंदीत खाडाखोड करायची नाही, समासात नवी टीप लिहायची, तारीख आणि सही घालायची, असे ठरले आहे. त्या दोन वर्षांत ज्यांच्या घरचे गेले त्यांनी चाचणीचा रिपोर्ट, स्कॅन, इस्पितळाचा कागद, जे काही कपाटात असेल ते घेऊन यावे. काहीच नसेल तरी या, जे आठवते ते सांगा, ते आठवण म्हणून वेगळे लिहून ठेवू. या महिन्यात दर रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आम्ही तिघे जण ऑफिसात बसतो. झेरॉक्स तिथेच काढून मूळ कागद लगेच परत देऊ.