यंत्राला टाळ्या, मालकाला माफी

आपल्या शिबिरांत संस्कृतीचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य हमखास कानी पडते : ‘परदेशी सिनेमाने आणि व्हिडिओने तरुण बिघडवला.’ वाक्य उच्चारले जाते, माना डोलतात, चहा येतो आणि विषय संपतो. त्या तरुणाने पडद्यावर नेमके काय पाहिले, पाहून तो काय बोलला, कोठे हसला, कोठे गप्प झाला, हे विचारण्याचे कष्ट कोणी घेत नाही. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेविषयी इतके बेफिकीर असणारे आपण जनतेच्या मनाविषयी मात्र अधिकारवाणीने बोलतो. या बेफिकिरीचा मी स्वतः जुना अपराधी आहे. म्हणून आरंभ कबुलीजबाबाने करतो.

गोष्ट १९९३ च्या उन्हाळ्यातली. कामानिमित्त मोरगावला मुक्काम होता. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्यांना कऱ्हाकाठचे हे गाव ठाऊक असते. पण ते बारामती तालुक्याच्या जिरायत पट्ट्यातले गाव आहे, हे सहसा ठाऊक नसते. नीरेच्या डाव्या कालव्याने तालुक्याची जी बाजू उसाने हिरवी केली, ती ही नव्हे. इकडे कालव्याच्या पाण्याआधी व्हिडिओ येऊन पोचला. त्या रात्री एका वाड्याच्या पडवीत वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणले होते. एका रात्रीत तीन पिक्चर, असा तेव्हाचा रिवाज. दोन हिंदी झाले आणि तिसरी कॅसेट लागली ती ‘टर्मिनेटर २’ची. मी तेथे गेलो होतो तो दुसऱ्या दिवशीच्या बैठकीचा निरोप द्यायला. आणि खरे सांगायचे तर पोरांना चार शब्द सुनवायलाही.

चित्रपट अनेकांच्या परिचयाचा असेल. जेम्स कॅमेरून या दिग्दर्शकाने १९८४ मध्ये काढलेल्या ‘टर्मिनेटर’चा हा १९९१ मधला दुसरा भाग. सुमारे दहा कोटी डॉलर खर्चून काढलेला, तोवरचा सर्वांत महागडा म्हणून गाजलेला आणि पन्नास कोटींहून अधिक डॉलर मिळवलेला. एक कंपनी अमेरिकी लष्कराला विचार करणारी संगणकयंत्रणा पुरवते. १९९७ च्या ऑगस्टात त्या यंत्रणेला स्वतःची जाणीव येते, माणसे घाबरून तिचा वीजपुरवठा तोडू पाहतात आणि ती अण्वस्त्रे सोडते. वाचलेल्या माणसांचा पुढारी होणाऱ्या मुलाला बालपणीच मारण्यासाठी भविष्यातून एक यंत्रमानव येतो आणि त्याला वाचवण्यासाठी दुसरा. पहिल्या भागात जे यंत्र मारेकरी होते, त्याच्याच साच्यातले यंत्र येथे रक्षक आहे. एवढे कथानक पुरे.

भाषा इंग्रजी. बारामतीच्या कॉलेजात शिकणारा एक मुलगा टीव्हीच्या बाजूला बसून अर्थ सांगत होता. समजेल तेथे सांगत होता, न समजेल तेथे स्वतःच रचत होता. आणि पडवीतली माणसे गप्प बसून नव्हती. धातूचा द्रव होऊन गजांतून आरपार जाणारा मारेकरी दिसताच पोरांनी त्याचे बारसे केले, ‘पाऱ्याचा माणूस!’ मुलाची आई खरे सांगते म्हणून तिला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेले आहे, हे कळल्यावर मागे बसलेल्या एक आजीबाई म्हणाल्या, ‘‘खरं सांगनारीला येडी ठरवायची रीत तिथंबी हाय म्हनायची.’’ शेवटी रक्षक यंत्र स्वतःहून वितळलेल्या पोलादात उतरते, तेव्हा दोन-तीन बायांनी डोळ्यांना पदर लावला. पोरे ओरडली, ‘‘मागं घे, मागं घे!’’ कॅसेट मागे नेऊन तो मृत्यू पुन्हा पाहिला गेला.

माझ्या शेजारी गिरणगावातून परतलेले एक दादा बसले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरण्यांच्या संपाने ज्यांना कायमचे गावी पाठवले, त्या हजारोंपैकी ते एक. चित्रपटाचा शेवटचा भाग पोलादाच्या कारखान्यात घडतो. ठिणग्या उडू लागल्या तसे ते पुढे सरकून बसले. ‘‘भट्टी पेटलीय बघा, भाऊ. कारखाना चालू हाय.’’ बाकीची पडवी यंत्रांची झुंज पाहत होती आणि या माणसाचे लक्ष आतले कामगार कोठे पळाले, याकडे होते. कॅसेट संपल्यावर त्यांनी मला विचारले, ‘‘यंत्र तर जळालं. पर ती कंपनी कुनाची व्हती, त्यो मानूस काय दावला न्हाई. त्यो सुटलाच की.’’

मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणालो, ‘‘दादा, सिनेमा आहे हा. फार विचार करू नका.’’

साथींनो, संपूर्ण अमेरिकी चित्रसृष्टीने मिळून त्या रात्री मोरगावचे जे नुकसान केले नसेल, ते या एका वाक्याने मी केले.

दादांचे निरीक्षण तंतोतंत खरे होते. चित्रपट पुन्हा पाहावा. कंपनीचा अभियंता आहे, त्याचे घर आहे, बायकोमुले आहेत. आपण काय निर्माण करत आहोत हे कळल्यावर तो आपले सारे काम नष्ट करायला तयार होतो आणि त्यात प्राणही देतो. यंत्र वितळते, अभियंता मरतो, पोलिसांच्या गाड्या जळतात. कंपनीचा मालक मात्र पडद्यावर येतच नाही. प्रायश्चित्त घेतो तो नोकर आणि आत्मबलिदान करते ते यंत्र. नफा कोणाच्या खिशात जाणार होता, हा प्रश्न उभाच राहत नाही. संकट यंत्राच्या ‘जाणिवेतून’ आले असे सांगितले, की ते लष्कराने मागवले होते आणि कंपनीने विकले होते, ही गोष्ट प्रेक्षकाच्या नजरेआड जाते. गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाच्या नजरेआड ती गेली नाही, कारण गिरणी बंद पडली तेव्हाही मालक त्याला दिसला नव्हता.

आणखी एक गोष्ट बऱ्याच वर्षांनी वाचनात आली. ज्या कारखान्यात ते प्रसंग चित्रित झाले, तो कॅलिफोर्नियातील फोंटाना येथील कैसर कंपनीचा पोलाद कारखाना होता आणि १९८० च्या दशकातच तो बंद पडलेला होता. पडद्यावरची धग दिव्यांची करामत होती. ज्या भट्टीकडे पाहून दादांच्या चेहऱ्यावर उजेड आला, तिच्यावर जगणारे अमेरिकी कामगार त्यांच्यासारखेच घरी बसले होते. एका बंद कारखान्याच्या कामगाराने दुसऱ्या बंद कारखान्याची खोटी आग पाहून समाधान मानले. हा प्रसंग समजावून सांगणारा कार्यकर्ता त्या पडवीत हजर होता. पण त्याला पोरांना सुनवायचे होते.

आपल्यातील दोन मतांशी मला येथे भांडायचे आहे. पहिले मत सांस्कृतिक आक्रमणवाल्यांचे. त्यांच्या लेखी प्रेक्षक हे रिकामे मडके असून परदेशी माल त्यात भरला जातो. पण आजीबाईंचे उद्गार आठवा; ते कोणत्या कॅसेटमधून आले होते? आणि यंत्र ही गोष्ट या भागाला परकी आहे असे तरी कोणी सांगितले? शेजारच्या इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणासाठी मोटरची आवरणे बनवली आहेत. येथल्या माणसाला यंत्र पाहून दिपायचे कारण नाही आणि तो दिपतो असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरे मत उदारमतवाद्यांचे : करमणूक आहे, करमणूक म्हणून सोडून द्या. मी दादांना दिलेले उत्तर याच जातीचे होते. माणूस दिवसभर राबून रात्री जे पाहतो, त्यात त्याचा विचार थांबतो असे मानणे हा त्याचा अपमान आहे.

याच चित्रपटाची थोडी अधिक लांबीची आवृत्ती पुढे घरगुती व्हिडिओसाठी निघाली. चित्रपटगृहात न दाखवलेला एक प्रसंग तिच्यात आहे. मी तो पुण्यात मुलाच्या घरी पाहिला. आपल्या मेंदूतील शिकण्याची कळ बंद ठेवलेली असते, असे यंत्रमानव सांगतो. यंत्रांना एकट्याने कामगिरीवर धाडताना वरची यंत्रणा ती कळ बंद करते. आई विचारते, तुम्ही फार विचार करू नये म्हणूनच ना? तो होकार देतो. मग आई आणि मुलगा मिळून ती कळ उघडतात आणि तेथून पुढे यंत्र माणसाळू लागते. मी सोफ्यावर बसून हे पाहत होतो आणि मोरगावच्या पडवीतले माझेच शब्द मला ऐकू येत होते. ‘फार विचार करू नका.’ कळ बंद करणारा हात त्या रात्री माझा होता.

आणि हे सारे आज का उगाळायचे? कारण पडद्यावरचा प्रश्न आता त्याच तालुक्याच्या शेतात उभा आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला. जमिनीतील संवेदक, हवामानाची नोंद आणि उपग्रहाची चित्रे यांवरून पाणी व खत यांचा सल्ला शेतकऱ्याच्या फोनवर येतो. २०२५ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर गौरव केला. दुसरीकडे ऊसतोडणीचे यंत्र आले. २०२३ मध्ये राज्य शासनाने त्यासाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान जाहीर केले. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एक ‘कोयता’ म्हणून मराठवाड्यातून कारखान्यांवर येणारी माणसे हे यंत्र फडात उतरताना पाहतात. त्यांच्या प्रतिक्रिया कोणी टिपून घेतल्या आहेत काय?

यंत्राला विरोध करा, असे मी म्हणत नाही. पाणी वाचत असेल तर जिरायत गावाइतका आनंद दुसऱ्या कोणाला होणार? कोयत्याचे जिणे बाईच्या कंबरेवरून उतरले तर ते हवेच आहे. यंत्रावर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राचा अपवाद केला होता, कारण ते माणसाचे श्रम हलके करते आणि त्याच्या हाती राहते. लोहियांनी १९५२ मध्ये पचमढीला छोट्या यंत्राचा आग्रह धरला, तो यंत्राचा ताबा माणसाच्या आवाक्यात राहावा म्हणून. या परंपरेचा प्रश्न एकच आहे आणि तो दादांचाच प्रश्न आहे : कंपनी कोणाची? शेताने पुरवलेली माहिती कोणाच्या मालकीची? सार्वजनिक पैशातून अनुदान मिळालेले तोडणीयंत्र तोडणी कामगारांच्या सहकारी संस्थेच्या नावावर का होऊ नये? शिकण्याची कळ कोणाच्या हाती?

यावर आपले काही सुशिक्षित साथी म्हणतील, हे प्रश्न गंभीर आहेत. त्यांत ‘टर्मिनेटर’ कशाला? उत्तर सोपे आहे. ऊसतोडणीच्या यंत्रावरचे आपले पत्रक पंधरा माणसे वाचतात. तो चित्रपट त्या रात्री अख्ख्या पडवीने पाहिला आणि त्यावर मोठ्याने बोलली. लोक जेथे आधीच बोलू लागलेले असतात, तेथे जाऊन बसणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम आहे.

व्हीसीआरने प्रेक्षकाला चित्रपटगृहाने कधी न दिलेली एक सत्ता दिली होती. चित्र थांबवता येत होते, मागे नेता येत होते. पोरांनी ती वापरली. स्फोट आणि मृत्यू पुन्हा पाहण्यासाठी वापरली. अभियंत्याच्या घरातल्या प्रसंगावर कॅसेट थांबवून ‘याला पगार कोण देतो?’ असे विचारणारा कोणी असता, तर तोच अभ्यासवर्ग झाला असता आणि त्याला चहाचाही खर्च नसता. आज व्हीसीआर गेला, कॅसेट गेली. जो तो आपल्या फोनवर, कानात गोळे घालून एकटा पाहतो. आजीबाईंसारखे उद्गार आजही मनात येत असतील. पण ते शेजारच्याला ऐकू जात नाहीत. म्हणून मला ही हानी चित्रपटाच्या परदेशीपणापेक्षा मोठी वाटते.

माझी सूचना लहान आहे. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक रात्र गावात एकत्र बसून असा एक गाजलेला चित्रपट पाहावा. भाषण करू नये. अर्थ सांगायला कॉलेजातली एक मुलगी किंवा मुलगा बसवावा. लोक जे बोलतील ते वहीत लिहून घ्यावे आणि कोणी प्रश्न विचारला तर चित्र तेथेच थांबवावे. तोडणीच्या हंगामात कारखान्यांच्या तळावर, कोप्यांसमोर पडदा लावावा.

ते दादा आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यायचे राहून गेले. पण प्रश्न विचारणारी माणसे त्या तळांवर आजही आहेत आणि त्यांना ‘सिनेमा आहे हा’ असे सांगण्याची चूक आपण दुसऱ्यांदा करता कामा नये.