कोरडवाहू शेतकरी भित्रा, हे कोणी ठरवलं?



कर्जाचा विषय निघाला की खुर्चीतल्या विद्वानांचं एकच पालुपद सुरू होतं: कोरडवाहू शेतकरी जोखीम घेत नाही, खत टाकायला कचरतो, नशिबावर हवाला ठेवतो. म्हणजे दोष आपल्या काळजात. पतपुरवठ्यात नाही, भावात तर नाहीच नाही.

हे त्यांनी पाहिलं कुठं? पुस्तकात. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 सालीच पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बजावलं होतं की विलायती अर्थशास्त्राची गृहीतं जशीच्या तशी या देशाला लावू नका. ऐकलं कोणी?

आता आपल्याच जिल्ह्यातला दाखला घ्या. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेनं 1975 साली सहा कोरडवाहू गावं पाहणीला घेतली. त्यांत मोहोळ तालुक्यातलं शिरापूर आणि उत्तर सोलापुरातलं कळमण. प्रत्येक गावात 40 घरं: 30 शेतकऱ्यांची, 10 मजुरांची. पाहणी करणारा गावातच राहायचा आणि दर काही आठवड्यांनी त्याच उंबऱ्यावर जाऊन पेरा, मजुरी, देणंघेणं लिहून घ्यायचा. जीपमधून येऊन दुपारी परत, असला तो कारभार नव्हता.

पुढं हान्स बिन्सवँगर या अर्थतज्ज्ञानं याच गावांत खऱ्या पैशांचा छापा-काटा मांडला. मोठ्या डावात एका टोकाला बिनघोर 50 रुपये. दुसऱ्या टोकाला नाणं एका बाजूनं पडलं तर शून्य, दुसऱ्या बाजूनं पडलं तर 200. मधे कमीजास्त जोखमीचे पर्याय. निकाल 1980 साली छापून आला. रक्कम वाढली तशी बहुतेकांनी मधली वाट धरली आणि मोठा शेतकरी नि गरीब शेतकरी यांच्या धाडसात फारसा फरक निघाला नाही! मग एकाच्या रानात खत पडतं, शेजाऱ्याच्या पडत नाही, ते कशानं? बिन्सवँगर म्हणतो, स्वभावानं नव्हे. कर्ज, बाजार, खत-बियाणं कोणाच्या हाताशी आहे, यानं.

त्या खेळात एक उणीव होती, तीही सांगतो. हरलं तरी पदरचा पैसा जात नव्हता. रानात जातो. हस्त कोरडा गेला की मालदांडीचं बी, मशागत आणि वर व्याज, सगळं घरधन्याच्या अंगावर.

तरीही भित्रेपणाची कहाणी मरत नाही, कारण ती सोयीची आहे. शेतकऱ्याचं मन सुधारायला शिबिर घेतलं की भागतं, कर्ज द्यावं लागत नाही. तेव्हा यापुढं कोणी सभेत आपल्या नावानं आकडे वाचले, तर उभं राहून विचारा: कोणतं गाव, किती घरं, किती वर्षं? दुष्काळाचं साल धरलंत की वगळलंत?