मागचा दिवा कोणासाठी?

हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याहून सायंकाळी निघते आणि रात्री दहाच्या सुमारास सोलापूर स्थानकात पोहोचते. तिच्यातून, किंवा माढा-मोहोळकडून येणाऱ्या अन्य गाड्यांतून, उतरणाऱ्या नोकरदारांपैकी एखादा आता घडीची सायकल जवळ बाळगू लागला आहे. राहत्या गावी आणि नोकरीच्या गावी, दोन्हीकडे स्थानकापासूनचे तीन-चार किलोमीटर रिक्षाचे भाडे न मोजता काटता येतात, आणि डब्यात सायकलीची घडी केली की ती सामानाचा एक नग होऊन बसते. हिशेब चोख आहे. तथापि त्यातून एक बाब हमखास सुटते. सायकल घेताना तिची घडी किती वेळात होते, वजन किती, गिअर किती, याची चौकशी दहा ठिकाणी होते. मागच्या दिव्याविषयी मात्र दुकानदार बोलत नाही आणि गिऱ्हाईकही विचारीत नाही.

असे का व्हावे? ग्राहक वस्तूची पारख अनुभवावरून करतो, असे आम्ही वर्गात शिकवतो. पुढच्या दिव्याचा अनुभव स्वाराला क्षणोक्षणी येतो. एक खड्डा दिसला की दिव्याचे पैसे वसूल होतात. मागचा दिवा मात्र ज्याने विकत घेतला त्याला तो लागलेला कधी दिसतच नाही. तो विझला तरी कळत नाही आणि त्याने जीव वाचवला तरी कळत नाही. कारण मागून आलेली जी मोटार बाजूने मुकाट निघून गेली, तिच्यासंबंधी सांगण्यासारखे काही घडलेलेच नसते. अर्थशास्त्रात दीपगृहाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ साली ते दिले, रोनाल्ड कोसने १९७४ साली त्यावर आक्षेप घेतला, आणि आमच्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते पाठ असते. मागचा दिवा हेही एक छोटेसे दीपगृहच म्हणावयाचे. फरक एवढाच की, येथे जहाज चुकले तर बुडते ते दीपगृह.

सायकलीच्या दिव्याचा इतिहासही याच पक्षपाताचा आहे. सोलापुरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते त्या काळी रात्रपाळीचा कामगार बिनदिव्याच्या सायकलीवर सापडला तर पोलीस अडवीत. पण त्यांची नजर असे ती पुढच्या दिव्यावर, मग तो रॉकेलचा असो वा डायनामोचा. डायनामोची शक्ती सहा व्होल्ट, तीन वॅट. त्यांपैकी २.४ वॅट पुढच्या बल्बला आणि अवघे ०.६ वॅट मागच्याला, अशी रूढ वाटणी. शिवाय चाक थांबले की दोन्हीकडे अंधार.

इंग्लंडमध्ये तर मागच्या दिव्याच्या सक्तीला खुद्द सायकलस्वारांच्या संघटनांनीच अनेक वर्षे विरोध केला. समोर काय आहे ते पाहून गाडी हाकणे ही मोटारवाल्याची जबाबदारी. ज्याला चिरडले जाण्याचे भय आहे त्याच्याच माथी दिव्याचा खर्च का, असा त्यांचा सवाल होता. युक्तिवाद न्यायाचा होता, आणि मला तो आजही पुष्कळसा पटतो. तडजोड म्हणून १९३४ च्या कायद्याने मागच्या मडगार्डावर पांढरा पट्टा आला. आपल्याकडील जुन्या काळ्या सायकलींच्या मडगार्डाचे टोक पांढरे का, याचे मूळ तेथे सापडते. पुढे १९३९ साली, महायुद्धातील ब्लॅकआउटमध्ये, लाल दिवा सक्तीचा झाला आणि १९४५ नंतर तो कायम राहिला.

न्याय आणि पदार्थविज्ञान यांचे नेहमीच जुळते असे नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर त्यातच पंचवीस मीटर संपतात, आणि थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस. गडद कपड्यांतला सायकलस्वार मंद झोतात तीस-चाळीस मीटरच्या आत आल्यावरच नजरेत भरतो. म्हणजे चालक कितीही सज्जन असला तरी अंतर पुरत नाही. परावर्तकाने काही काम भागते, हे खरे; त्यांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० साली आदेशही काढला. परंतु परावर्तक हा उसन्या प्रकाशावर जगणारा. मागच्या गाडीचा दिवा वाकडा असेल, किंवा आपल्या गावची धूळ त्याच्यावर आठ दिवस बसली असेल, तर त्याचा भरवसा धरता येत नाही.

आता घडीच्या सायकलीचे त्रांगडे पाहू. बाजारातील बहुतेक मागचे दिवे सीटखालच्या नळीला रबरी पट्ट्याने बांधण्यासाठी घडवलेले असतात. साध्या सायकलीवर ती जागा चांगली. घडीच्या सायकलीत मात्र हीच नळी घडी करताना खाली सरकवावी लागते. दिवा मध्ये आला की नळी अडते. म्हणून तो रोज काढावा लागतो, आणि रोज काढावयाची वस्तू एके दिवशी घरी राहते किंवा सायकल-स्टँडवरून नाहीशी होते. त्यातून कॅरिअरवर डबा आणि तपासावयाच्या वह्यांचा गठ्ठा ठेवला की हा दिवा त्याच्याआड जातो. पावसाळ्यात रेनकोट आणि एरवी झब्ब्याचा घोळ किंवा साडीचा पदर तेच काम करतो. शिवाय नळी मागे कललेली असल्यामुळे तिच्याशी काटकोनात बांधलेला दिवा मागच्या चालकाकडे न पाहता रस्त्याकडे पाहतो.

मडगार्डावर दिवा लावावा, तर या सायकलीची चाके सोळा किंवा वीस इंची. दिवा बराच खाली येतो. जर्मनीत मागचा दिवा जमिनीपासून २५ ते १२० सेंटिमीटर उंचीवर असावा असा नियम आहे, ब्रिटनमध्ये ३५ ते १५०. तेव्हा मडगार्डावरचा दिवा नियमात बसू शकेल. प्रश्न नियमाचा नसून चिखलाचा आहे. त्याखेरीज काही सायकलींत घडी करताना मागचे चाक चौकटीखाली वळते आणि मडगार्डाचे टोक फरशीवर टेकते. तेथे दिव्याची काच फार दिवस टिकणार नाही.

सर्वांत चांगली जागा म्हणजे कॅरिअरची मागची कड. पुष्कळ कॅरिअरना तेथे दोन भोकांची पट्टी असते, भोकांमधील अंतर ५० किंवा ८० मिलिमीटर. त्या मापाचा दिवा घेऊन नट-बोल्टने पक्का आवळावा. सामान कितीही लादले तरी तो झाकला जात नाही, घडीच्या आड येत नाही आणि जाता जाता कोणी खिशात घालू शकत नाही. कॅरिअर नसेल, तर सीटच्या बुडाशी जे दोन गज असतात त्यांना पट्टी लावून दिवा अडकवावा. नळी खाली गेली की तोही सीटबरोबर खाली जातो. मात्र दुकानातच एकदा पुरती घडी करून तो टायरला किंवा जमिनीला लागत नाही ना, हे पाहावे. मग नेहमीचे सामान लादून सायकल उभी करावी आणि पन्नास पावले मागे जाऊन, मोटारीत बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर वाकून पाहावे. दुकानदार हसेल. हसू द्यावे.

दिव्याच्या प्रकाराविषयी थोडक्यात. बटणासारख्या सेलवर चालणारे स्वस्त दिवे हळूहळू मंदावत जातात, आणि स्वाराला ते दिसत नसल्यामुळे सेल बदलण्याची वेळ कळत नाही. पुन्हा चार्ज होणारा एलईडी दिवा मोबाइलबरोबर दर रविवारी चार्जरला लावता येतो. चाकाच्या तुंब्यातील डायनामो याहून खात्रीचा आणि आता सायकल थांबल्यावरही काही वेळ दिवा तेवत ठेवणारा, पण महाग. लुकलुकणाऱ्या दिव्यांचे आपल्याकडे फार कौतुक आहे. जर्मनीत ते सायकलीवर चालत नाहीत. ब्रिटनने २००५ मध्ये परवानगी दिली. माझे मत स्थिर प्रकाशाच्या बाजूचे आहे. लुकलुक लक्ष वेधते, पण अंतराचा अंदाज येऊ देत नाही, आणि मागच्या चालकाला हवा असतो तो अंतराचाच अंदाज.

घडीच्या सायकलीवाला निदान ही चिकित्सा करू शकतो. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी संपवून पूर्व भागात परतणारा यंत्रमाग कामगार किंवा पहाटे पेपर टाकणारा मुलगा ती करीत नाही. त्याची सायकल आहे तशी चालते. उसाच्या हंगामात त्याच रस्त्यांवर ट्रॉल्या धावत असतात. त्यांना मागे चकाकत्या पट्ट्या लावण्याची मोहीम दरवर्षी निघते, आणि ते योग्यच आहे. सायकलीसाठी अशी मोहीम निघत नाही. तिला ना नोंदणी, ना तपासणी. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते.

ज्या वस्तूची उपयोगिता ग्राहकाला जाणवतच नाही ती त्याच्या निवडीवर सोडणे, हे बाजाराचे स्वातंत्र्य नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी पाच हजार रुपये किंमत असलेल्या सायकलीमागे ही साडेतीनशे रुपयांची सूट झाली. एवढ्या पैशांत एक बऱ्यापैकी मागचा दिवा येतो. सरकारने सूट देताना तो कारखान्यातच बसवून देण्याची अट घातली असती, तर गिऱ्हाईकाच्या खिशाला झळ लागली नसती; ती अट अजूनही घालता येईल. घडीच्या सायकलीच्या बाबतीत तर दिव्याची जागा चौकटीच्या आराखड्यातच ठरवता येईल. तोवर सोलापुरातील सायकल दुकानदारांनी सायकल हाती देण्यापूर्वी तिच्या कॅरिअरला ती दोन भोके आहेत की नाहीत, आणि नसतील तर ती पाडून देता येतील का, एवढे पाहावे.